सिलिअ‍ॅक असताना आफ्रिकेची सफारी : क्रूगर की मसाई मारा?

सिलिअ‍ॅकचं, म्हणजे गहू, जव यांतलं ग्लूटेन हे प्रथिन अजिबात न चालणाऱ्या आजाराचं, निदान होऊन फार दिवस झाले नसतील, किंवा सिलिअ‍ॅक असलेलं लहान मूल सोबत असेल, तर पहिली सफारी दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगरला करा आणि केनियातलं मसाई मारा पुढच्या खेपेसाठी ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. प्राणी दोन्हीकडे भरपूर दिसतात. आपल्यासारख्यांना फरक पडतो तो स्वयंपाकघर कुणाच्या हातात आहे याने.

क्रूगरमध्ये ते तुमच्या हातात राहतं. स्कुकुझा, लोअर साबी, साटारा अशा सरकारी रेस्ट कॅम्पमध्ये स्वतंत्र स्वयंपाकघराची कॉटेजेस मिळतात. जोहान्सबर्गला गाडी भाड्याने घ्यायची, वाटेत म्बोम्बेलाच्या सुपरमार्केटमध्ये सामान भरायचं आणि उद्यानात शिरायचं. रस्त्याची डावी बाजू आपल्यासारखीच. तिथे पाकिटावर ग्लूटेनच्या धान्याचा उल्लेख करणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे लेबल वाचून खरेदी करता येते. बोअरवोर्स नावाचं सॉसेज आणि बिल्टाँग हे सुकं मांस मात्र डोळे झाकून घेऊ नका. सॉसेजमध्ये धान्याची भर असू शकते आणि बिल्टाँगच्या मसाल्यात गहू असलेला सोया सॉस किंवा जवाचं माल्ट व्हिनेगर.

कॉटेजमधली भांडी आधीच्या पाहुण्यांनी वापरलेली असतात, हे विसरू नका. पास्ता गाळलेली चाळणी, लाकडी उलथनं, ओरखडे पडलेला नॉनस्टिक तवा, यांना हातच लावायचा नाही. घासूनही त्यांच्या फटींत कण राहतात. एक स्टीलचं पातेलं, छोटा तवा, उलथनं आणि नवी घासणी बॅगेत टाका. अंगणातल्या ब्राईच्या, म्हणजे कोळशाच्या शेगडीच्या, जाळीवर कालच कुणीतरी पाव भाजलेला असू शकतो. तिच्यावर ॲल्युमिनियम फॉइल अंथरा आणि मगच मासे किंवा कणसं ठेवा. सामायिक स्वयंपाकघराच्या स्वस्त खोल्या घेऊच नका, पैसे दुसरीकडे वाचवा.

घरून पीठ न्यायचं असेल तर आधी त्या देशाचे नियम बघा, आणि गिरणीतून दळून आणलेलं पीठ नेऊ नका. ज्वारी कितीही शुद्ध असली तरी तिच्या आधी त्याच जात्यातून गहू गेलेला असतो. किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असेल तरच पदार्थ ग्लूटेन-फ्री ठरतो. जात्यात उरलेलं गव्हाचं पीठ ही मर्यादा सहज ओलांडतं. तसा छाप असलेलं सीलबंद पीठच घ्या. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी घरीच राहू द्या, दोन्हींत बहुधा गहू असतो.

मारामध्ये मुक्काम बहुतेकदा तंबूंच्या कॅम्पमध्ये असतो आणि जेवण तिथलंच. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर हातातल्या सामानासकट साधारण 15 किलोची मर्यादा असते आणि बॅग मऊ लागते. म्हणजे आठवड्याचं खाणं सोबत नेणं जमत नाही. केनियाचं रोजचं जेवण खरं तर आपल्या बाजूचं आहे. उगाली मक्याची, गिथेरी मका आणि घेवड्याची, सोबत सुकुमा विकीची पालेभाजी आणि भाजलेलं मांस. पण त्याच टेबलावर चपाती, मंदाझी (गव्हाच्या पिठाचे तळलेले वडे) आणि समोसेही असतात. ज्या तेलात समोसे तळले त्यातच बटाटे पडतात, बुफेत चमचे एका भांड्यातून दुसऱ्यात फिरतात. पहाटेच्या फेरीला मिळणाऱ्या नाश्त्याच्या डब्यात सहसा ब्रेड असतो, तेव्हा आपला डबा वेगळा सांगून ठेवावा लागतो.

दहा-बारा तंबूंचा छोटा कॅम्प असेल तर चित्र पालटतं. आचाऱ्याशी समोरासमोर बोलता येतं, तो वेगळ्या पातेल्यात ताजं करून देतो, आणि गाइड सोबत असल्याने आईवडिलांना दिवसभर गाडी हाकावी लागत नाही. जुलै ते ऑक्टोबरमध्ये नदी ओलांडणारे वाइल्डबीस्टचे कळप बघायचे असतील तर त्याला क्रूगर हा पर्याय नाही, हेही मान्य करायला हवं. ज्यांना चौकशी करायची सवय झाली आहे त्यांनी माराला जरूर जावं.

आपल्याकडच्या ग्रुप टूरबरोबर मात्र जाऊ नका, अगदी 'रोज भारतीय जेवण' असलं तरी. एकाच हाताने पोळ्या लाटल्या जातात आणि भात वाढला जातो, आणि वरणाच्या फोडणीत हिंग असतो. बाजारातल्या बऱ्याच हिंगांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे कुशल आचाऱ्यांनाही ठाऊक नसतं.

पोट बिघडलंच तर? ग्लूटेन उतरवणारं औषध नाही. ओआरएस, विश्रांती आणि वेळ, एवढंच हातात असतं. क्रूगरमध्ये कॅम्प आणि ठरावीक थांबे सोडून गाडीतून उतरता येत नाही, म्हणून पहिले दोन दिवस फेऱ्या छोट्या आणि कॅम्पच्या आसपासच ठेवा. मारामध्ये गाइड सुरक्षित जागा बघून गाडी थांबवतो. दोन्हीकडे मलेरिया आहे. गोळ्या घेताना त्यांत गव्हाचा स्टार्च नाही ना, आणि उलटी झाल्यास काय करायचं, हे डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारा.

मारा नक्की केलंत तर पैसे भरण्याआधी कॅम्पला ईमेल करा: तळणीचं तेल वेगळं ठेवाल का, आमचं जेवण बुफेऐवजी स्वयंपाकघरातून थेट येईल का, सोया सॉस आणि सूपच्या वड्या कुठल्या वापरता, पहाटेच्या डब्यात काय द्याल. एकेका प्रश्नाचं नेमकं उत्तर आलं तर बुकिंग करा. 'काळजी करू नका, आम्ही सांभाळून घेऊ' एवढंच आलं, तर दुसरा कॅम्प शोधा.