रोड बाईक आणि पंक्चर: अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये रोड बाईक, म्हणजे बारीक टायरची वेगाची सायकल घेतली, आता मे उजाडलाय. अकरा महिन्यांत साधारण ४,००० किलोमीटर झाले आणि वहीत १३ पंक्चरं नोंदली गेली. त्यातली १० पहिल्या पाच महिन्यांतली. पुण्यात आनंदनगरहून सिंहगड रोडनं खडकवासला, डोणजे, गडाचा पायथा हा माझा नेहमीचा रस्ता. महिन्यातून एखाद्या रविवारी कात्रजचा जुना घाट नाहीतर बोपदेव. पंक्चर दहावरून तीनवर कशी आली, ते सविस्तर लिहिते.

सगळ्यात मोठा धडा ऑगस्टमध्ये मिळाला. किरकटवाडी फाट्याजवळ मागचं चाक बसलं. नवी ट्यूब जवळ होती, पंधरा मिनिटांत बदलली आणि निघाले. खडकवासल्याच्या चौपाटीपर्यंत पोचते तोच पुन्हा चाक खाली. दुसरी ट्यूब नव्हती. पुढे एका टपरीत पंक्चर काढणारे काका होते. त्यांनी ट्यूबकडे नंतर पाहिलं, आधी टायर उलटा केला आणि आतून कापसाचा बोळा सावकाश फिरवत नेला. एका जागी कापसाचे तंतू अडकले. तिथं पकडीनं ओढल्यावर तार निघाली, केसापेक्षा जरा जाड, जेमतेम अर्धा सेंटिमीटर. बाहेरून पाहिलं तर काहीच दिसत नव्हतं. "ताई, चोर घरात ठेवून दार लावलंत तुम्ही," काका म्हणाले.

ही तार ट्रकच्या फुटलेल्या टायरची. त्या टायरांच्या आत पोलादी तारांची जाळी असते, टायर फुटला की तिचे तुकडे हायवेच्या कडेला पसरतात, आणि आपण सायकलवाले नेमके कडेनंच जातो. माझ्या १३ पैकी ६ पंक्चर अशा तारेची, ४ बाभळीच्या काट्यांची, एक काचेचं. पावसात हे सगळं वाढतं, कारण ओल्या टायरला कचरा चिकटून राहतो आणि ओल्या रबरात काच सहज शिरते.

तेव्हापासून कितीही घाई असली तरी कारण सापडल्याशिवाय नवी ट्यूब घालत नाही. शोधायची सोपी युक्ती आहे. टायर बसवतानाच त्याच्यावरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या समोर आणून बसवायचं. ट्यूब काढून हवा भरली की भोक व्हॉल्व्हपासून किती वितींवर आहे ते कळतं, मग टायरवरही तेवढ्याच अंतरावर शोधायचं, दोन्ही बाजूंना. नुसतं बोट फिरवू नका, तार बोटात घुसते. भोक ट्यूबच्या आतल्या बाजूला, म्हणजे रिमकडे असेल तर टायरचा दोष नाही, रिमवरची पट्टी सरकलेली असते. आणि शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात किंवा गतिरोधकावर ट्यूब रिमखाली चिमटली. माझी उरलेली दोन्ही पंक्चर या शेवटच्या प्रकारातली, दोन्ही वेळा आठवडाभर हवा तपासली नव्हती.

दुसरा मोठा फरक टायरनं पडला. सायकलबरोबर आलेले २५ मिलिमीटर रुंदीचे होते, त्यात १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरायचे. नोव्हेंबरमध्ये आत पंक्चररोधक पट्टी असलेले २८ चे घेतले. (आधी फ्रेम आणि ब्रेकमध्ये तेवढी जागा आहे ना, ते बघून घ्या.) माझं वजन ६२ किलो, त्यात आता ७५ पीएसआय पुरतात. वजनाला जड आहेत, चढावर पहिला आठवडा ते जाणवलं. बसवायलाही घट्ट आहेत. शेवटची वीतभर कड रिमवर चढेना तेव्हा समोरच्या बाजूची कड दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरवायची, म्हणजे इकडे ढील मिळते. लिव्हरनं (टायर काढायच्या पट्टीनं) रेटलं की नवी ट्यूबच फाटते.

व्हॉल्व्हबद्दल नवीन लोकांनी आधीच समजून घ्यावं. रोड बाईकला बारीक, लांब प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. रस्त्यावरच्या दुकानातली नळी मोटारसायकलच्या व्हॉल्व्हची, ती त्यावर बसतच नाही. ती बसवायला पितळी अडॅप्टर लागतो, तो किरकोळ पैशांत मिळतो. मी एक पिशवीत ठेवते, एक व्हॉल्व्हवरच लावून ठेवलाय.

हातपंप आधी थेट व्हॉल्व्हवर बसणारा घेतला होता. जोर लावताना पंप हलला आणि व्हॉल्व्ह मुळापाशी फाटला, चांगली ट्यूब वाया गेली. आता छोटी रबरी नळी असलेला वापरते. दोन-अडीचशे वेळा मारावं लागतं, दंड भरून येतात, पण घरी पोचण्यापुरती हवा नक्की भरते. १६ ग्रॅमचं सीओटू काडतूस (दाबून भरलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूची छोटी नळकांडी) काही सेकंदांत काम करतं, फक्त तोंड नीट बसलं नाही तर सगळं हवेत जातं. शिवाय तो वायू रबरातून लवकर झिरपतो, दुसऱ्या दिवशी चाक मऊ. घरी आल्यावर सोडून साधी हवा भरावी. माझा भरवसा पंपावरच आहे.

चिकटपट्टीसारखी तयार ठिगळं मला पटली नाहीत, चार दिवसांत कडेनं हवा सोडतात. रस्त्यात ट्यूब बदलते आणि घरी सोल्यूशन लावून ठिगळ मारते. जागा पॉलिश पेपरनं घासायची, सोल्यूशनचा पातळ थर द्यायचा आणि पाचेक मिनिटं पूर्ण सुकू द्यायचं. ओल्यावर दाबलेलं ठिगळ सुटतं. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की वाळते, म्हणून दोन महिन्यांनी दाबून बघते.

शेवटचं पंक्चर एप्रिलमध्ये बोपदेवच्या चढावर झालं. बाभळीचा काटा होता, दहा मिनिटांत निघाले. मागचा टायर मात्र आता मधोमध सपाट झालाय, तिथं रबर पातळ झालं की तारा सहज घुसतात. पावसाआधी तो बदलणार आहे, पुन्हा २८ चाच. पुढचा अजून वर्षभर जाईल असं दिसतंय.