बागेबाहेरचं पार्किंग: ठेका की महापालिकेची स्वतःची वसुली?

पुणे महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं. तरी सारसबागेसारख्या ठिकाणी रविवारी संध्याकाळी गाडी लावायची पंचाईत होतेच. पैसे घ्यावेत, हे मला पटतं. पण ते कोणी घ्यायचे?

ठेक्यात निविदा निघते, ठेकेदार ठरलेली रक्कम पालिकेला भरतो आणि वरची वसुली त्याची. पालिकेला पैसे आधी मिळतात, माणसं नेमायची कटकट नाही. पण ठेकेदाराची कमाई गाड्यांच्या संख्येवर. मग फूटपाथवर दुचाक्या तिरक्या कोंबल्या जातात, पावती मागितली की टाळाटाळ होते आणि व्हीलचेअरची वाट अडते. हे मला अजिबात मान्य नाही.

दुसरा मार्ग म्हणजे एजन्सीची माणसं ठरावीक मोबदल्यावर ठेवायची आणि वसुली यूपीआयने थेट पालिकेच्या खात्यात घ्यायची. पावसाळ्यात बाग रिकामी असली तरी पगार द्यावेच लागतात, हा धोका खरा आहे. पण दर, वेळा, पहाटे फिरायला येणाऱ्यांना सवलत, सगळं पालिकेच्या हातात राहतं.

दोन्हीकडे एक अडचण सारखीच. नो-पार्किंगचं चलन वाहतूक पोलिसांचं: पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १,५००. तो दंड राज्याच्या तिजोरीत जातो. म्हणजे देखरेखीचा खर्च शुल्कातूनच भागवायला हवा. माझं मत दुसऱ्या मार्गाला, पण उरलेली रक्कम बागेच्याच स्वच्छतागृहांवर आणि दिव्यांवर खर्च व्हावी, असा ठराव आधी झाला तरच.