एकच संध्याकाळ असेल तर कुठला पॉयरो?

अगाथा ख्रिस्तीची 'डेड मॅन्स फॉली' ही तिच्या बेल्जियन डिटेक्टिव्ह पॉयरोची कादंबरी टीव्हीवर दोनदा आली. पॉयरोच्या भूमिकेत १९८६ मध्ये पीटर उस्तिनोव्हला घेऊन आणि २०१३ मध्ये डेव्हिड सूशेला घेऊन. दोन्ही साधारण दीड तासाच्या, आणि एक पाहिली की दुसरीतलं कोडं संपलंच. म्हणून आधी कुठली बघायची हे ठरवून बसा.

बड्या बंगल्यावर जत्रा आहे आणि त्यात खुनी शोधायचा खेळ. तो रचायला रहस्यकथा लिहिणाऱ्या ऑलिव्हरबाईंना बोलावलंय. लोक त्यांना आधी काहीतरी अचाट बदल सुचवतात, बाई वैतागून नाही म्हणतात, मग हळूच एखादा बारीकसा बदल पुढे सरकवतात आणि बाई हो म्हणून जातात. कुणीतरी आपल्याला खेळवतंय, या संशयाने त्या पॉयरोला बोलावून घेतात. मग जत्रेच्या दिवशी नदीकाठच्या होडीघरात प्रेताचं सोंग घेऊन पडलेली शाळकरी पोर खरोखरच मेलेली सापडते.

उस्तिनोव्हची आवृत्ती सरळ ऐंशीच्या दशकात आणून ठेवलीय. शूटिंग इंग्लंडमधल्या वेस्ट वायकॉम्ब पार्क या जुन्या वाड्यात. मूळ पुस्तकात नसलेला पॉयरोचा मित्र हेस्टिंग्जही सोबत दिलाय. हा धिप्पाड पॉयरो पुस्तकातल्या बुटक्या बेल्जियनासारखा अजिबात दिसत नाही, पण गप्पिष्ट आहे, मजा येते. घरात लहानमोठे सगळे बसणार असतील, मध्ये चहाला उठणार असतील, तर हीच लावा.

मी मात्र सूशेकडेच जाईन, आणि त्याचं कारण सूशेपेक्षाही घर. कादंबरीतला बंगला ख्रिस्तीने स्वतःच्या ग्रीनवे या घरावरूनच रेखाटला. डार्ट नदीकाठचं हे घर तिने १९३८ मध्ये घेतलं होतं, आणि २०१३ चा भाग तिथेच चित्रित झाला. गोष्टीत मिसेस फोलिएट आहेत. पिढीजात वाडा विकला गेल्यावर त्याच आवारातल्या छोट्या घरात राहणाऱ्या, दुसऱ्याच्या झालेल्या बागेत आपल्याच पाहुण्यांसारखं सगळ्यांचं आगतस्वागत करणाऱ्या. सिनेड क्युसॅकने ही बाई अशी केलीय की खुनापेक्षा तिच्याकडेच लक्ष लागतं. होडीघर, घसरती वाट, खाली नदी, हे सगळं खरं असल्याचा फरक जाणवतो. तक्रार एकच, शेवटाकडे उलगडा घाईत उरकलाय.

आणखी एक गंमत. 'कर्टन' हा सूशेच्या पॉयरो मालिकेचा शेवटचा भाग असला, तरी त्याने सर्वांत शेवटी चित्रित केला तो हाच. आणि १९८५ च्या 'थर्टीन अॅट डिनर'मध्ये उस्तिनोव्हच्या पॉयरोसमोर इन्स्पेक्टर जॅप होता तोही सूशेच.