पुठ्ठ्यावर बसून घेतलेलं माप: 155 मिमीचं सायकलचं सॅडल (सीट) आणि बायकांची पॅडेड शॉर्ट, 11 महिने वापरल्यावर

ठाण्यात नौपाड्याला माझं ब्लाउज-ड्रेस शिवायचं दुकान आहे, 22 वर्षं झाली. सायकल हातात घेतली ती मात्र वयाच्या 44व्या वर्षी. आधी उपवनपर्यंत, मग येऊरचा चढ, मग घोडबंदर रोडने गायमुख. तेवढ्यात जे काही दुखायचं ते अंघोळ केली की जायचं. खरं कळलं ते ठाणे-शहापूर-ठाणे केलं त्या रविवारी. जवळजवळ 100 किलोमीटर. जाताना पडघ्यापर्यंत मजेत होते. येताना मानकोलीपासून पुढे बसवेचना, खड्डा नसला तरी मी पॅडलवर उभी. घरी येऊन लघवीला बसले आणि डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही जांघांतली कातडी सोलवटलेली, पुढचा नाजूक भाग सुजलेला, आणि उजव्या हाडाखाली गळू. आठ दिवस मशीनवर उशी घेऊन बसले आणि गिऱ्हाइकांना सांगितलं की पाठ धरलीय.

ते खोटं बोलले याचं वाईट वाटतं. कारण नंतर कळलं, आमच्या सकाळच्या ग्रुपमधल्या दोघी हेच सोसत होत्या आणि त्यांनीही घरात पाठीचंच कारण दिलं होतं. म्हणून सगळं उघड लिहितेय.

त्या दिवशी माझ्या सायकलवर जेलचं मऊ कव्हर होतं. दुकानदार म्हणाला होता, ‘ताई, लेडीजसाठी हेच बेस्ट, गादीसारखं वाटेल.’ दुकानात बसून पाहिलं तेव्हा वाटलंही. पण मऊ गोष्टीत हाड खाली रुततं आणि मधला जेल वर येतो, नेमका जिथे काही टेकू नये तिथे दाबत राहतो. आपलं वजन दोन हाडांवर यायला हवं, आपण पाटावर ताठ बसतो तेव्हा टोचतात ती. ती हाडं वजन पेलतात. मधला भाग पेलत नाही. म्हणून लांब पल्ल्याला सॅडल मऊ असण्यापेक्षा योग्य रुंदीचं असणं महत्त्वाचं.

मग मी माझ्या धंद्यातलंच केलं, माप घेतलं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा स्टुलावर ठेवला, पातळ लेगिंग घालून त्यावर बसले, थोडी पुढे वाकले, पाय जरा उचलले. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे. खडूने त्यांचे मध्य खुणावले आणि टेप लावली: 127 मिमी. तीनदा घेतलं, दोनदा 127, एकदा 129. त्यात साधारण 20 ते 30 मिमी मिळवायचे, कारण सॅडलच्या कडा खाली उतरतात, त्यावर हाड नीट टेकत नाही. आणि हँडलवर जितकं कमी वाकून चालवाल तितकी रुंदी जास्त लागते. माझ्या सायकलसोबत आलेलं सॅडल 140चं. म्हणजे माझी दोन्ही हाडं उतारावर बसत होती आणि मी दर पॅडलला किंचित घसरत होते. 100 किलोमीटरमध्ये पॅडलचे फेरे हजारोंनी होतात. कातडी सोलवटली यात नवल नाही.

मी घेतलं ते 155 मिमीचं, आखूड नाकाचं, मधे आरपार भोक असलेलं. वाशीतल्या एका दुकानाने आठवडाभर वापरून बघायला दिलं, हवं तर परत आणा म्हणाले. अशी सोय देणाऱ्या दुकानातूनच घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. 6,200 रुपये गेले. पहिले तीन दिवस हाडं ठणकली. तो ठणका वेगळा, नवीन चप्पल लागते तसा, आणि चौथ्या दिवसापासून कमी झाला. पुढच्या भागाला मात्र पहिल्याच दिवसापासून काही झालं नाही. ती सुन्न पडल्यासारखी भावना, जी मला इतके दिवस ‘चालायचंच’ वाटत होती, गेली. सुन्न होणं चालायचं नसतं बायांनो. नसा आणि रक्तवाहिन्या दबल्याची ती खूण आहे.

मधलं भोक ही फॅशन नाही. अमेरिकेत जॉर्जिना टेरी या मेकॅनिकल इंजिनिअर बाईंनी 1985 मध्ये बायकांच्या सायकलींची कंपनी काढली, आणि त्यांच्या कंपनीने 1990च्या दशकात मधे कापलेलं बायकांचं सॅडल बाजारात आणलं. एका बाईने दुसऱ्या बाईचं दुखणं ऐकलं की वस्तू कशी बदलते, ते मी दुकानात रोज बघते.

ब्रँडचं नाव मी मुद्दाम देत नाही. मला मेसेज येतात, ‘ताई, कोणतं घेतलंत, लिंक द्या.’ माझा ब्लाउज तुम्हाला बसेल का? माझं 127 आहे, मैत्रिणीचं 112 निघालं, तिला माझ्या सॅडलवर मांड्या घासायला लागल्या. तिने 140चं घेतलं, ती खूश आहे.

आता शॉर्ट. इथे मला जरा रेंगाळू द्या, हा माझा प्रांत आहे.

जुनी कॉटन लेगिंग उलटी करून बघा. आसनाच्या मधोमध चार शिवणी एका ठिकाणी येतात, आणि ओव्हरलॉकमुळे, म्हणजे कडा उसवू नयेत म्हणून मारलेल्या शिलाईमुळे, तिथे तांदळाच्या दाण्याएवढी गाठ बनते. बोटाने चाचपली की कळते. त्यात आतून निकर, तिच्या इलॅस्टिकची कड बरोबर जांघेच्या घडीत. वर घाम. कॉटन घाम पितं आणि ओलंच राहतं, ओली कातडी लवकर सोलते. माझ्या जखमा आरशात बघितल्या तेव्हा उजवीकडची लाल रेघ निकरच्या कडेशी तंतोतंत जुळत होती. 22 वर्षं दुसऱ्यांच्या शिवणी तपासल्या, स्वतःची तपासली नव्हती.

नवी शॉर्ट 3,400 ची. घरी आणल्यावर पहिलं काम उलटी केली. पॅड एकसंध, मधून शिवण नाही. पुरुषांच्या पॅडपेक्षा मागे रुंद आणि पुढे आखूड. अंगठ्याने दाबलं तर हाडांखालचा फोम घट्ट, परत वर येतो, आणि पुढे पातळ होत गेलेला. पायाच्या शिवणी फ्लॅटलॉक, म्हणजे दोन कडा एकमेकांवर न चढता सपाट जोडलेल्या. गाल फिरवला तरी टोचत नाही. पॅडच्या कडेची शिवणही मांडीच्या आतल्या घडीपासून दूर नेलीय. ज्या कुणी हा पॅटर्न कापलाय त्याला बाईचं अंग कळतं.

मापात मी चुकले. सवयीने जरा सैल, एल घेतली. ब्लाउजला आम्ही माया ठेवतो. इथे माया ठेवायची नाही. सैल पॅड सरकतो आणि सरकला की घासतो. बदलून एम आणली, उभं राहिल्यावर जरा ओढल्यासारखी वाटते, वाकलं की बरोबर बसते. आणि आत निकर घालायचीच नाही. हे सांगितलं की बायका माझ्याकडे बघत राहतात. पॅड थेट कातडीला लागण्यासाठीच बनवलाय. लाज वाटत असेल तर वरून पातळ हाफ पँट घाला, मीही घालते.

लेगिंगमध्ये पॅड शिवून द्या, असं सांगत तिघी आल्या. एकदा करून पाहिलं. पॅडभोवती जाड शिवण आली आणि तीच टोचायला लागली. त्यानंतर नाही म्हणते.

कातडी घासू नये म्हणून राइडआधी लावायचं क्रीम बिनवासाचं घ्या, थंडावा देणारं मेन्थॉलचं नको, नाजूक जागी आग होते. पेट्रोलियम जेली पॅडमधून धुऊन निघत नाही. पावडरचे घामात गोळे होतात. राइडहून आल्यावर शॉर्ट घालून चहा पीत बसू नका, आधी बदला, धुवा. शॉर्ट दर वेळी साबणाने धुवायची, सॉफ्टनर नाही, उलटी करून वाळवायची. आपल्याकडे पावसात दोन दिवस वाळत नाही, म्हणून दोन लागतातच.

जांघेतले, खालचे केस काढण्याबद्दल कुणी बोलत नाही. 2016 च्या रिओ ऑलिंपिकआधी ब्रिटिश महिला सायकलपटूंना तिथले केस काढू नका असाच सल्ला दिला गेला होता. केस कातडीला घासण्यापासून वाचवतात, आणि वॅक्सनंतर आत वळलेला केस म्हणजे गळवाला आमंत्रण. मी फक्त कात्रीने बारीक करते. पाळीत सॅनिटरी पॅडच्या कडा कातडीला कापतात, मी मेन्स्ट्रुअल कपवर गेले. गळू पिकलं, ताप आला तर फोडत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. आणि सॅडल फार उंच असेल तर कंबर दोन्हीकडे हलते, मग कितीही चांगली शॉर्ट असो, घासणारच.

तक्रारी आहेत. मांडीवरच्या रबरी पट्टीने पहिल्या महिन्यात पुरळ आलं, मला ती 1 सेंटीमीटर जास्त रुंद हवी होती. मी कंबरेची शॉर्ट घेतली, खांद्यांवरून पट्टे येणारी शॉर्ट, म्हणजे बिब, पोटाला जास्त सुखाची असते हे मान्य. पण नाशिक हायवेवर आसनगावपर्यंत बरं टॉयलेट शोधताना जर्सी काढून पट्टे उतरवायचे म्हणजे शिक्षा. मागून हुक सुटणारी बायकांची बिब मिळते, ती हातात घेऊन पाहिली, हुक नाजूक वाटला. 11 महिन्यांत उजव्या हाडाखालचा फोम दबलाय, डावीकडे अजून तसाच. म्हणजे मी एका बाजूला झुकून बसते बहुतेक. ते आता तपासून घ्यायचंय.

फेब्रुवारीत 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, केली. साडेतेरा तासांची मुदत असते, मला 12 तास 40 मिनिटं लागली. शेवटी पाय गेले होते, मान गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी 10 ला दुकान उघडलं आणि उशी न घेता मशीनवर बसले. माझ्या मापाच्या वहीत आता छाती-कंबरेशेजारी सात जणींचे हाडांचे आकडे आहेत, 108 पासून 139 पर्यंत.

एक सांगायचं राहिलं. पावसात मधल्या भोकातून मागच्या चाकाचं चिखलपाणी थेट वर येतं आणि पॅड पाच मिनिटांत भिजतो. गेल्या वर्षी हे कुणी सांगितलं नव्हतं. परवाच सॅडलखाली अडकवायचं 350 रुपयांचं मडगार्ड बसवून घेतलंय.