मैदा, रवा की खसखस? वाड्याच्या लाकडाखालचा भुसा

वाईतल्या आमच्या वाड्यात माजघराच्या तुळईखाली रोज सकाळी चिमूटभर पीठ पडलेलं असायचं. पेस्ट कंट्रोलवाला आला, वर न बघताच "वाळवी" म्हणाला आणि फरशीला भोकं पाडून औषध सोडायचा भाव सांगून गेला. त्याने ते पीठ नुसतं चिमटीत धरलं असतं तरी पुरे होतं.

जमिनीतली वाळवी असं काही खाली पाडत नाही. ती मातीच्या नळ्या करत भिंतीवरून चढते. फरशीतलं औषध तिच्यासाठी. सुक्या लाकडातच घर करणारी वाळवी मात्र विष्ठेचे दाणे भोकातून बाहेर ढकलते. ते मिलिमीटरभर, टणक, खसखशीसारखे घरंगळणारे असतात. भिंगातून पाहिलं तर सहा बाजू दिसतात. हिचा मातीशी संबंध नाही, त्यामुळे फरशी फोडून उपयोग शून्य. औषध लाकडातच द्यावं लागतं.

बोटाला टाल्कम पावडरीसारखं मऊ लागलं, तर ते भुंगेऱ्याचं, म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या छोट्या किड्याचं काम. भोकं गोल, एक-दोन मिलिमीटरची. त्याच्या अळीला लाकडातलं पिष्ट (स्टार्च) लागतं. ते बाहेरच्या पांढऱ्या, कच्च्या भागात असतं आणि वर्षांगणिक कमी होत जातं. सागाच्या गाभ्याला ती तोंड लावत नाही. म्हणून जुन्या सागवानी तुळईखाली मैदा दिसला, की तुळईवर संशय घेण्याआधी मागच्या डागडुजीत काय ठोकलंय ते बघा. आमच्याकडे तुळईला टेकवलेली आंब्याची फळी निघाली. कौलांखालचा बांबूही असंच पीठ पाडतो. अंधाऱ्या पक्षात तोडलेला बांबू किडत नाही, असं आजी म्हणायची. मला त्यापेक्षा पाण्यात मुरवलेला बांबू भरवशाचा वाटतो, कारण मुरवल्याने पिष्ट निघून जातं.

इंटरनेटवर दिसतात ते रव्यासारखे, दोन्ही टोकांना निमुळते कण किंवा चपट्या बिस्किटासारख्या गोळ्या बहुतेक युरोपातल्या थंड, दमट घरांतल्या किड्यांच्या असतात. आपला भुसा त्या फोटोंशी जुळवत बसू नका. आणि करंगळी जाईल एवढं गोल भोक नि खाली भरड भुसा, म्हणजे काळा भुंगा. तो लाकूड खात नाही, फक्त घरट्यासाठी कोरतो.

आता खरी मेख. पडणारा भुसा जुनाही असू शकतो. माळ्यावर कुणी चाललं तरी रिकाम्या बिळांतून झडतो. भोकांभोवती खडूने खुणा करा, खाली काळा कागद अंथरा. खुणेबाहेर नवं भोक पडलं, तर कीड जिवंत. नव्या भोकाची कड फिकट नि स्वच्छ दिसते, जुन्याची मळकट.

मैदा असेल तर मी फळी बदलण्याच्या बाजूचा. फळी काढता येत नसेल, तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण, पण उघड्या लाकडालाच. रंग-वॉर्निशवरून ते आत मुरत नाही. पडवीच्या पावसात भिजणाऱ्या वाशांवर ते लावणं म्हणजे पैसे कृष्णेत सोडणं. खसखस दिसली तर मात्र जाणकार बोलवा. फक्त त्याला आधी वर बघायला लावा.