रोटोरुआचं फाकारेवारेवा जंगल: सायकलवाल्यांसाठी एक नंबर

ऑकलंडवाल्या मंडळींनो, रोटोरुआला जाऊन नुसते गरम पाण्याचे झरे बघून परत येत असाल तर अर्धं गाव राहिलंच समजा. गावाला लागूनच हे डोंगराळ जंगल आहे, माउंटन बायकिंगचे दीडशे किलोमीटरच्या वर ट्रेल्स आणि एन्ट्री चक्क फुकट.

फक्त मॅपवर 'रेडवुड्स' (तिथली उंच रेडवुड झाडांची राई) टाकून जाऊ नका. ती झाडं १९०१ साली लावलेली, बघण्यासारखीच आहेत, पण तिथल्या पायवाटांवर सायकल चालत नाही. आपण सरळ वाइपा कार पार्क गाठायचा, भाड्याच्या सायकली, कॅफे, टॉयलेट, सायकल धुवायची सोय, सगळं तिथेच.

प्रत्येक ट्रेलच्या तोंडाशी ग्रेडची, म्हणजे वाट किती अवघड ते सांगणारी, पाटी असते, ती वाचा. नवख्यांनी टाही आणि डिपर हे सोपे ट्रेल्स करावेत, आमचे चिरंजीव डिपरवर "बाबा अजून एकदा, लास्ट" करत जेवायलाही येईनात. काळ्या, म्हणजे अवघड ग्रेडच्या वाटेवर मात्र झाडांची मुळं आडवी पसरलेली असतात आणि ओली झाली की साबणासारखी, ब्रेक दाबलात की गेलात, तिथे मुळांवर चाक सरळ ठेवून ब्रेक न लावता जायचं. बाकी माती ज्वालामुखीची, भुसभुशीत, पाणी पटकन जिरतं, त्यामुळे रात्री पाऊस पडला तरी सकाळी चाकाला चिखलाचे गोळे लागत नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं. चढाचा कंटाळा असेल तर शटल सायकलीसकट वर नेऊन सोडते, पैसे पडतात पण वसूल. (चढण्यातच खरी मजा म्हणणारे म्हणोत बापडे.) दिवसभर हाताशी असेल आणि बऱ्यापैकी दम असेल तर जंगलाला वळसा घालणारा ३३ किलोमीटरचा लूप करा.

भाड्याच्या सायकलीचं मात्र बघून घ्या हं. आम्ही गावातल्या एका दुकानातून घेतली तर मागच्या ब्रेकचा लिव्हर पार हँडलला टेकत होता, बदलून दिली पण अर्धा तास गेला, वर सॉरी वगैरे काही नाही. दुकानासमोरच एक चक्कर मारून दोन्ही ब्रेक दाबून बघायचे. हेल्मेट तर कायद्यानेच सक्तीचं आहे, १९९४ पासून.

आणि हे पाईनचं लागवडीचं जंगल आहे, झाडतोड चालू असली की काही ट्रेल्स बंद असतात, तेव्हा निघायच्या आधी ऑनलाइन बघा, नाहीतर वर जाऊन अर्ध्यातून परत फिरावं लागेल.