शो चालू असतानाच अजिलिटी, की शो संपल्यावर?

डॉग शोमध्ये उतरणाऱ्या दोन वर्षांच्या कुत्रीला अजिलिटीत, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत, आत्ताच उतरवू की शो संपल्यावर, असं मैत्रिणीने विचारलं.

वय पाहिलं तर आत्ताच. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या अजिलिटी स्पर्धांसाठी किमान 18 महिने लागतात, ते झालेत. थांबलात तर उमेदीची वर्षं सरतात.

सवयींची भीती सगळ्यांनाच वाटते. शोच्या रिंगमध्ये ती पट्ट्याला, तुमच्या डावीकडे, एका लयीत दुडकते. अजिलिटीच्या शर्यतीत पट्टा नाही, दोन्ही बाजूंनी सुसाट धावायचं. पण दोन्हीकडे नेताना वेगळे पट्टे, शिकवताना वेगळे शब्द वापरले की कुत्री हा फरक बरोबर ओळखते.

केस लांब असतील तर थांबणं सोयीचं. शोनंतर ते बिनधास्त कापता येतात. शिवाय दोन्ही एकत्र केल्यास वेळ आणि खर्च वाढतो.

आखूड केसांची, उत्साही कुत्री असेल तर आत्ताच. लांब केसांची किंवा शो ऐन रंगात असतील तर नंतर. तोवर अडथळ्यांशिवाय, जमिनीवरची वळणं शिकवत राहा.